मांडीवर मावलेलं जंगल

मोहर्लीच्या जंगलात पर्यटक फिरवणाऱ्या एका गाईडने मला एकदा वाघ सरकवायला सांगितला होता. त्याला गावात शिरायच्या रस्त्यावर आपल्या होमस्टेचा बोर्ड लावायचा होता. फोटोत वाघ होता पार झुडपापाशी, जिप्सी होती रस्त्यावर आणि मधे भलं मोठं गवत. "ताई, त्याले जरा जवळ आना ना," तो फोनवर म्हणाला, "एवढ्या दूरचा वाघ तं कुत्र्यावानी दिसून राह्यला." मी वाघ जवळ आणला. त्याचं समाधान होईना. अजून थोडा, अजून थोडा करत वाघ जिप्सीच्या चाकाला अंग घासायला लागला, तेव्हा मीच म्हटलं, "भाऊ, आता पर्यटक यायचे नाहीत, होते तेही पळून जातील." शेवटी वाघ रस्त्याच्या कडेला बसवायचं ठरलं. तो बोर्ड मी अजून प्रत्यक्ष पाहिलेला नाही, पण गाईडचं म्हणणं असं की लोक जिप्सीतून उतरल्यावर आधी त्या वाघाबद्दल विचारतात.

माझं काम हे असं. फ्लेक्स, दुकानांचे बोर्ड, वाढदिवसाच्या शुभेच्छा, भीमजयंतीचे बॅनर, लग्नाच्या पत्रिका. आणि दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकांची पोस्टरं. आमच्या वडसा गावातल्या माणसाला हे सांगायची गरज नाही, पण हा अंक दूरदूर जातो म्हणून सांगते. आमच्या झाडीपट्टीत धान हाताशी आला की गावोगाव मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. नाटक कंपन्यांची ऑफिसं आमच्या वडशात. दिवाळीच्या सुमाराला बसस्टँडपासून स्टेशनापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना नुसती नटनट्यांची तोंडं. त्यातली बरीच तोंडं माझ्या हाताखालून गेलेली.

पोस्टरवर कोणाचं तोंड केवढं, हा आमच्याकडे गंभीर विषय आहे. नायिकेपेक्षा विनोदी नटाचं तोंड मोठं झालं म्हणून कंपनीत दोन दिवस अबोला चाललेला मी पाहिला आहे. एक खलनायक होते. ते स्टेजवर आले की बाया लेकरांना कुशीत ओढायच्या. ते मात्र दर वर्षी मला बाजूला घेऊन सांगायचे, "बाई, फोटोत मले जरा हसरा ठेव. पोरीच्या सोयरिकीचं पाहून राह्यलो, पाहुने पोस्टर पाह्यतेत." मी त्यांच्या मिशांचं टोक किंचित वर करायची. डोळ्यांना हात लावत नसे, कारण डोळे त्यांच्या पोटापाण्याचे होते.

हे सगळं मी जिथे नोकरीला होते त्या फ्लेक्सच्या दुकानातल्या मोठ्या कॉम्प्युटरवर केलं. लॉकडाऊनमध्ये दुकान बंद झालं ते कायमचंच. मालक गावी शेती पाहायला गेले. घरी होता माझ्या मुलीने कॉलेजात वापरलेला छोटा लॅपटॉप. मांडीवर घेतला तर शाळेतल्या पाटीएवढा. मुलगी नागपूरला नोकरीला लागली होती, तिने नवा घेतला आणि हा मला सोडला. मी ठरवलं, आता यावरच काम करायचं.

पहिल्या दिवशी रडू आलं. फोटोवर काम करायचं सॉफ्टवेअर उघडलं की डाव्या हाताला हत्यारांची उभी पट्टी येते. उजव्या हाताला रंगांची खिडकी, तिच्याखाली लेयरची खिडकी. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या काचा समजा. एका काचेवर आकाश, दुसरीवर झाड, तिसरीवर माणूस. वर मेनू, मेनूखाली अजून एक पट्टी, आणि सगळ्यांत खाली कॉम्प्युटरची स्वतःची पट्टी. मोठ्या स्क्रीनवर हे सगळं कडेकडेने बसून जातं. या लॅपटॉपवर हे सगळे बसले आणि मधे फोटोला जागा उरली पोस्टाच्या पाकिटाएवढी. त्या पाकिटात मला वीस फुटी बॅनर करायचा होता. काही खिडक्या तर स्क्रीनपेक्षा उंच. त्यांचं 'ओके'चं बटण खाली कुठेतरी जमिनीत गाडल्यासारखं, माऊस तिथे पोचेचना. मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आई, नुसतं एंटर दाब." दाबलं, झालं. तेव्हा मला वाटलं, न दिसणारं बटण दाबता येतं तर बाकीचंही न दिसलेलं चालेल.

मग मी सगळं काढायलाच घेतलं. कॉम्प्युटरच्या खालच्या पट्टीला सांगितलं, बोलावल्याशिवाय वर यायचं नाही. उजवीकडच्या खिडक्या मिटून बारीक चिन्हांची एक रेघ केली. हत्यारांची अक्षरं पाठ केली, कोणत्या अक्षराने ब्रश, कोणत्या अक्षराने खोडरबर, कोणत्या कंसाने ब्रश जाड होतो आणि कोणत्याने बारीक. टॅबचं बटण दाबलं की होती नव्हती ती सगळी पट्टी-खिडकी गायब होते, पुन्हा दाबलं की परत येते, हे कळलं तो दिवस माझ्या चांगल्या दिवसांपैकी एक. एफ दाबलं की मेनूसुद्धा जातो, आणि स्क्रीनभर फक्त फोटो. स्पेसबार दाबून धरला की फोटो हाताने चादरीसारखा इकडेतिकडे ओढता येतो. नमुन्याचा फोटो स्क्रीनवर ठेवायचाच नाही, तो मोबाईलवर लावायचा आणि मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायचा. पावसाळा संपेपर्यंत माझा डावा हात बोटांनीच विचार करायला शिकला, आणि तो चिमुकला लॅपटॉप मला मोठा वाटायला लागला.

आता माझ्या बाबांबद्दल सांगायला हवं.

शामराव पेंटर म्हटलं की वडसा, आरमोरी, ब्रह्मपुरीकडची जुनी माणसं अजून ओळखतात. नाटकांचे पडदे हे त्यांचं काम. मागे टांगायचे मोठे कापडी पडदे. राजवाड्याचा एक, रस्त्याचा एक, गरिबाच्या झोपडीचा एक आणि जंगलाचा एक, एवढ्यावर कंपनी वर्षानुवर्षं चालायची. बाबांचं जंगल नावाजलेलं. ते तरुणपणी आलापल्लीला लाकडाच्या डेपोत ओंडक्यांवर नंबर रंगवायला होते. नंबर रंगवता रंगवता झाडं पाहत राहिले. इतरांच्या पडद्यात झाडं म्हणजे झाडं. बाबांच्या पडद्यात साग वेगळा, मोह वेगळा, धावडा वेगळा, आणि प्रेक्षकांत बसलेली माणसं बोट दाखवून नावं सांगायची.

मग त्यांचे हात थरथरायला लागले. चंद्रपूरला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. गोळ्यांनी थरथर कमी झाली, गेली नाही. बाबांनी ब्रश घासलेटने धुतले, फडक्यात गुंडाळले आणि माझ्या भावाच्या घरी माळ्यावर टाकून दिले. त्यानंतर ते माझ्याकडेच राहायला आले. चारचौघांत चहा घेणं त्यांनी सोडलं, कारण कप बशीवर वाजायचा. माझ्या कामाकडे ते बघत नसत. मी काम करत बसले की अंगणात खुर्ची टाकायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्यांशी पावसापाण्याचं बोलायचे.

लॉकडाऊन उठून नाटकं पुन्हा सुरू व्हायची होती, त्या साली दसऱ्याच्या आसपास मुरलीभाऊ आले. मुरलीभाऊ म्हणजे एका नाटक कंपनीचे मालक. बाबांनी त्यांच्या वडिलांच्या काळापासून कंपनीचे पडदे केलेले. दोन वर्षं नाटकं बंद होती, पडदे गोदामात गुंडाळून पडले होते. जंगलाच्या पडद्याला उदई, म्हणजे वाळवी, लागली. "खालचा सगळा भाग खाऊन टाकला ताई," मुरलीभाऊ म्हणाले, "आता फ्लेक्सवर छापून घेतो म्हणतो. हे पाहा, नेटवरून काढलं." त्यांनी मोबाईल पुढे केला. धुकं, उंच सरळ काळीशार झाडं, मधून एक पायवाट. सुंदर होतं.

बाबा दारातून आत आले. कधी नव्हे ते त्यांनी मोबाईल हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला.

"हे कुठचं जंगल आहे?"

"नेटवरचं आहे, शामरावभाऊ. तिकडचं, बाहेरदेशातलं."

"आपला वाघ या जंगलात सर्दीनं मरून जाईन," बाबा म्हणाले.

मुरलीभाऊ हसले, पण बाबा हसले नाहीत. मग मुरलीभाऊ जरा नरमाईने म्हणाले, "मंग तुम्हीच सांगा, मी जंगल कुठून आनू? भाऊबीज झाली की पयला प्रयोग आहे. जंगलाचा अंक आहे त्यात. मागं काई तं लावा लागन ना."

बाबांनी दोन्ही हात पुढे केले आणि धरून ठेवले. बोटं थरथरत होती. "हे पाहून घे," ते म्हणाले, आणि अंगणात जाऊन बसले.

मुरलीभाऊंना मी म्हटलं, थोडे दिवस थांबा, मी करते. का म्हटलं ते तेव्हा मलाही नीट माहीत नव्हतं.

जुना पडदा मी गोदामाबाहेरच्या मोकळ्या जागेत पसरवून घेतला आणि तुकड्यातुकड्याने त्याचे फोटो काढले. वरचा भाग शाबूत होता, फांद्या, पानं, मधून दिसणारं आभाळ. खोडांच्या खाली मात्र काहीच नाही, चिंध्या. वरचे तुकडे लॅपटॉपवर जोडले. एवढं मोठं चित्र त्या बिचाऱ्याला पेलेना. फाईल उघडली की गरगर फिरणारं चिन्ह यायचं आणि पंखा घरघरायचा. म्हणून मी पडद्याच्या उभ्या पट्ट्या पाडल्या, प्रत्येक पट्टीची वेगळी फाईल. छापताना पट्ट्या जोडून घ्यायच्या. पूर्वी बाबाही मांजरपाटाचे पट्टे शिवूनच पडदा करायचे.

खालचा भाग मी फोटोंवरून भरला. ओळखीच्यांनी पाठवलेले सागाचे बुंधे, पाचोळा, वारूळ. माझ्या मते बरं जमलं होतं. बाबा पाणी प्यायला आत आले तेव्हा मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

"पाहा ना बाबा."

त्यांनी बराच वेळ पाहिलं. "वरचं झाड मी काढलं," ते म्हणाले, "खालचं झाड कोनी काढलंच नाई. हे जोडलेलं दिसून राह्यलं."

मला राग आला. "मग तुम्ही काढून दाखवा," मी म्हटलं आणि माऊस त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो धरला. स्क्रीनवर रेघ उमटली ती सापाच्या पिल्लासारखी वळवळत गेली आणि मधेच हात घसरून कोणत्यातरी खिडकीवर पडला. खिडकी उघडली, तिच्यातून दुसरी उघडली. बाबांनी माऊस खाली ठेवला. उठून बाहेर गेले. मी जेवायला वाढलं तरी नीट जेवले नाहीत. मला माझ्या तोंडाची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका खोडावर काम करत होते. बारीक काम असलं की चित्र खूप मोठं करायची सवय, इतकं मोठं की स्क्रीनभर फक्त हातभर साल दिसावी. काम करता करता मला शिंक आली आणि ब्रश चांगलाच हलला. चित्र लहान करून बघते तर ती चूक शोधूनही सापडेना. मोठ्या चित्रात जी उडी होती, ती पडद्यात सुईच्या टोकाएवढी झाली होती.

मी उठले आणि बाबांना हाताला धरून आत आणलं.

लॅपटॉप स्टुलावर ठेवला. टॅब दाबलं, एफ दाबलं. स्क्रीनवर घसरून पडायला एकही खिडकी उरली नाही. फक्त सागाचा बुंधा, तोही एवढा मोठा की बुंधा आहे हे सांगावं लागेल.

"बाबा, हात चालवा. कुठेही लागू द्या."

"काऊन माही मजाक करून राह्यली?"

"एकदाच."

त्यांनी माऊस धरला. हात थरथरतच खाली आला आणि थरथरती रेघ उमटली. अजून एक, तिच्या बाजूला अजून एक. मी त्यांना थांबवलं आणि चित्र लहान केलं. सागाची साल जुनी झाली की उभी उकलते, तिच्यावर बारीक वेड्यावाकड्या भेगा पडतात. बाबांच्या त्या तीन रेघा तशा भेगा होऊन बसल्या होत्या.

बाबा पुढे वाकले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मोठा कर," ते म्हणाले.

तिथून पुढे आम्ही दोघं एका लॅपटॉपवर बसलो. माऊस बाबांकडे, कीबोर्ड माझ्याकडे. हत्यारं दिसतच नव्हती, त्यामुळे त्यांना ती शोधायची नव्हती. ते फक्त बोलायचे. "ब्रश जाड. अजून. बस. आता पानी टाक त्यात." पाणी टाक म्हणजे रंग पातळ कर, पारदर्शक कर. मी तेवढं बटण दाबायची. "हिरवा नाई पाह्यजे, मोहाचा हिरवा पाह्यजे." मोहाचा हिरवा कुठला, तर नवी पालवी तांबूस असते, ती हिरवी व्हायला लागते तेव्हाचा. मी रंगाची खिडकी क्षणभर बोलवायची, रंग लावायची, पुन्हा घालवायची. कधी मी चुकून खिडकी उघडी ठेवली की बाबा ओरडायचे, "हे बाजूले कर माय, माह्या झाडावर बसून राह्यलं."

चूक मागे घ्यायचं बटण त्यांना आधी पटलं नाही. "पडद्यावर रंग पडला का पडला," ते म्हणायचे, "त्याच्यातूनच रस्ता काढा लागते." चार दिवसांत मात्र 'वापस, वापस, अजून वापस' एवढंच ऐकू येत होतं. एका दुपारी त्यांनी मला इतकं मागे नेलं की सकाळपासूनचं काम पुसलं गेलं. मग स्वतःच हसत सुटले. बाबांना असं हसताना मी फार दिवसांनी पाहत होते.

त्यांना चित्र पूर्ण दिसायला हवं असायचं. कोपऱ्यात छोट्या खिडकीत अख्खी पट्टी दाखवायची सोय असते. ती मी लावून दिली तर म्हणाले जागा खाते. मग नुसतं "दाखव" म्हटलं की मी एका बटणाने पूर्ण पट्टी स्क्रीनवर आणायची, आणि "जाऊ दे" म्हटलं की होतो तिथे परत जायची. लॅपटॉप मधेच अडायचा.

"अटकलं का?"

"विचार करतोय तो."

"करू दे. मीपन करतो."

आणि ते खरंच डोळे मिटून बसायचे. पंखा शांत झाला की पुढची रेघ कुठे घ्यायची ते त्यांचं ठरलेलं असायचं. त्या अडण्याच्या वेळात मी पहिल्यांदाच आलापल्लीच्या गोष्टी नीट ऐकल्या. पहाटे डेपोत ओंडक्यांना येणारा वास, सोबतचे माडिया मजूर झाडाच्या सालीवर नुसता हात फिरवून झाड सांगायचे ते, आणि माझी आई लग्न होऊन तिथे पहिल्यांदा आली तेव्हा जंगलाच्या आवाजाला घाबरून खाटेवरून उतरतच नव्हती ते. आई जाऊन बरीच वर्षं झाली. ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती.

मुरलीभाऊ मधे एकदा येऊन गेले. काम किती बाकी आहे ते बघून त्यांचा चेहरा उतरला. "ताई, नाईच झालं तं मी ते नेटवरचं छापून टाकतो, तुम्ही वाईट वाटून घेऊ नोका," ते हळूच म्हणाले. बाबांनी ऐकलं. त्या दिवसापासून ते सकाळी माझ्याआधी स्टुलापाशी येऊन बसायला लागले.

शेवटची पट्टी झाली तेव्हा दारावर आकाशकंदील लागला होता. पेनड्राईव्ह घेऊन मी चंद्रपूरला निघाले तर बाबा शर्ट घालून तयार. छापखान्यात यंत्राच्या खालून जंगल इंचाइंचाने बाहेर यायला लागलं आणि बाबा त्याच्यासोबत वाकत वाकत चालत राहिले. ओल्या शाईला बोट लावलं म्हणून तिथल्या माणसाने हटकलं, तेव्हा मी त्याला सांगितलं की हे यांनीच काढलेलं आहे. तो म्हणाला, "असं का," आणि बाबांना खुर्ची दिली. पट्ट्या यंत्राने गरम करून एकमेकींना चिकटवल्या, गुंडाळी केली. एवढा पडदा पसरून बघायला तिथे जागा नव्हती. आम्ही गुंडाळी मुरलीभाऊंच्या गाडीत टाकली.

पहिला प्रयोग आरमोरीच्या पलीकडच्या एका गावात होता. दुपारी आम्ही पोचलो तेव्हा मैदानात स्टेज उभं झालं होतं. पोरंसोरं आणि म्हातारे आधीच जागा धरून बसलेले. पडदा वर चढवला, दोऱ्या ताणल्या, आणि तो उलगडला.

मी आधी फक्त रंग पाहिले. मग मुरलीभाऊंच्या तोंडून "अरे बापा" निघालं. पडद्याच्या ऐन मधोमध मोहाचं सगळ्यांत जाड खोड होतं, दोन पट्ट्यांच्या जोडावर. छापखान्यात वरची कड कापताना एक पट्टी जरा जास्त कापली गेली असावी. खोडाचा डावा अर्धा आणि उजवा अर्धा एकमेकांना लागतच नव्हते. वितभर खालीवर. मोठं झाड कुऱ्हाडीने उभं चिरून कोणी चुकीचं ठेवल्यासारखं.

परत छापायला वेळ नव्हता. मुरलीभाऊ डोकं धरून पेटीवर बसले. कंपनीतल्या कुंदाबाई, ज्या नाटकात आईचं काम करत, त्या बाबांजवळ येऊन म्हणाल्या, "भाऊ, लोक माह्याकडे पाहतीन. झाडाकडे कोन पाह्यते?"

"पाहतीन," बाबा म्हणाले. "हे जंगलातले लोक आहेत."

ते उठले आणि मैदानाच्या मधे जाऊन उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. एवढ्या दिवसांचं त्यांचं काम, आणि सगळ्या गावासमोर असं. थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला. मांडवाचे बांबू बांधणाऱ्या एका वयस्क शेतकऱ्याला ते विचारत होते, "भाऊ, इथी माहूल भेटते का जवळ?"

माहूल म्हणजे जंगलातली मोठी वेल. आपट्यासारखं दुपाखी पान, पण ताटाएवढं. त्याच्या पत्रावळी होतात.

"भेटते ना. नाल्याच्या आंगानं भरपूर आहे. कायले पाह्यजे?"

"झाडावर चढवाची आहे."

त्या माणसाला काय समजलं कोण जाणे, पण तो विळा घेऊन निघाला आणि त्याच्यामागे अजून चार जण. ते परतले ते अख्ख्या वेली ओढत. मग बाबांनी काम हातात घेतलं. वर चढलेल्या माणसांना ते खालून सांगत होते, हात उंच करून दाखवत होते. "वरून लोंबू दे. बांधू नोको घट्ट, वेल अशी बांधल्यावानी राह्यत नाई. आता खोडाले वेढा दे. इथून. इथून." त्यांचा हात सगळ्यांदेखत थरथरत होता आणि त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. वर चढलेला माणूस त्या हाताच्या दिशेने वेल सरकवत होता. जोड हळूहळू पानांखाली गेला. छापलेल्या मोहावर खरी माहूल चढली.

नाटक रात्रभर चालणार होतं आणि बाबांना जागरण झेपत नाही, म्हणून आम्ही दिवस मावळायच्या आधी वडशाला परतलो. बाबा गाडीत बसल्याबसल्या झोपून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदाबाईंचा फोन आला. जंगलाच्या अंकाला पडदा उघडला तेव्हा पुढे बसलेल्या बायांत कुजबूज सुरू झाली, माहूल आहे, माहूल आहे. एक म्हातारी उठून स्टेजपाशी आली आणि पानाला हात लावून पाहून गेली. "मले माहं वाक्य थांबवा लागलं," कुंदाबाई म्हणाल्या. त्या चिडल्या होत्या की खुशीत होत्या ते आवाजावरून कळलं नाही.

दुपारी मुरलीभाऊ स्वतः आले. पेढे आणले होते. अंगणात बाबांच्या समोर खुर्ची घेऊन बसले आणि प्रयोग कसा झाला ते पहिल्यापासून सांगायला लागले. मी चहा आणला. बाबांनी ऐकता ऐकता कप उचलला, थोडा सांडला, प्यायले.

"मुरली," ते मधेच म्हणाले, "राजवाड्याचा पडदा कसा आहे तुह्याकडचा?"

"चांगला आहे की. त्याले उदई नाई लागली."

"चांगला नाई. मीच काढला होता, मले मालूम आहे. खांब वाकडे आहेत त्याचे. नवा होतो तवा, घाईत केले. ते आता सरळ करा लागतीन."

मुरलीभाऊ हसायला लागले. "करा ना मंग. कधी करता?"

बाबांनी दाराकडे पाहिलं. मी ट्रे घेऊन तिथेच उभी होते.

"नंदाले विचार," ते म्हणाले. "ती बसन तवा मी बसन."